ताईंच्या शोकसभेतला भोंगा

ताईंच्या शोकसभेत मी बोलायचं ठरलं होतं. अकोल्यात काय किंवा इकडे अमरावतीत काय, पोलिसांनी कुणाला उचललं की घरचे आधी ताईंकडे धावायचे, आणि ताई मला सोबत घेऊन ठाणं गाठायच्या. इतकी वर्षं ठाण्यातल्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले, म्हणून हा मान माझा. आठवडाभर मी भाषण घोकत होते.

शहरात तेव्हा जमावबंदी होती. झेंड्यावरून कुठेशी बाचाबाची झालेली. सभा आत घ्या, बाहेर भोंगा नको, एवढ्या अटीवर परवानगी मिळाली. पण सभागृहात माणसं मावेनात, अंगणही भरलं. आमचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, त्यांनी माईकवाल्या भाईंना फर्मावलं, "एक भोंगा गच्चीवर लावा."

"सर, परमिशन हाय ना?" भाईंनी विचारलं.

"आहे हो. तुम्ही लावा."

भोंग्यातून जेमतेम 'हॅलो, हॅलो' झालं आणि दोन शिपाई आले. त्यांनी अध्यक्षांना नमस्कार केला आणि भाईंना घेऊन गेले.

फोटोला हार घालणं चालूच राहिलं. मी अध्यक्षांना गाठलं, तर ते कुजबुजले, "सभा उरकली की जाऊ. खाणार आहेत का त्याला?" माझं डोकंच फिरलं. माणूस आत गेला की जेवत्या ताटावरून उठा, हा ताईंचा हेका होता. नोंद होण्याआधी आत जे घडतं ते नंतर सिद्ध होत नाही, असं त्या म्हणायच्या. आणि इथे त्यांच्याच फोटोसमोर माणसं हाराची रांग मोडायला तयार नव्हती! मी एकटीच ऑटोत बसले. पहिल्यांदाच ताईंशिवाय जात होते.

ठाण्यात भाई कोपऱ्यात फरशीवर बसलेले. एक कान लालभडक. मला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"बसा, मॅडम. चा मांगवतो," ठाणेदार साहेब म्हणाले.

"चहा नको. यांच्यावर काय लावलंय ते सांगा."

"अजून काईच नाई लावलं. पन लावू शकतो." ते खुर्चीत मागे रेलले. "तिकडं अंगनात जमाव करून राह्यले तुमी. तो पांगवा, सभा बंद करा, आन् मानूस घेऊन जा. नाई तं मंग मले कागद करा लागते."

मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. "अहो, लोक अकोल्याहून आलेत," ते चिडले. "ताईंची शोकसभा अशी मोडायची? लोक काय म्हणतील?"

"भोंगा कुणी लावायला सांगितला, सर?"

साहेब घड्याळाकडे बघत होते. भाईंचे डोळे माझ्या फोनवर खिळलेले. अध्यक्ष नाही म्हणाले तर पुढे काय करायचं, मला खरंच माहीत नव्हतं. ते विचारायला ताई नव्हत्या.

मग फोनमधूनच मला अध्यक्षांचा कापरा आवाज ऐकू आला. ते लोकांना सांगत होते की सभा संपली, घरी जा, आणि चूक माझी आहे. खुर्च्या सरकल्या. थोड्या वेळाने एका शिपायाने येऊन अंगण रिकामं झाल्याचं सांगितलं. साहेबांनी भाईंना नुसती हाताने खूण केली.

बाहेर पायरीवर भाई थांबले. त्यांना चप्पल नीट घालता येत नव्हती.

"मॅडम, हार घालतांनी फोटो पाह्यला म्या," ते म्हणाले. "पन त्या बाई होत्या कोन?"

पाठ केलेलं भाषण सगळं जिभेवर होतं, पण त्यातलं एक वाक्य कामाचं नव्हतं. ताई गेल्यापासून मी रडले नव्हते, ते तिथे रडले.

"आज तुमच्यासाठी आल्या असत्या त्या," मी म्हटलं.