माझं नाक आणि गाडीतली उदबत्ती

मला तिसरा महिना होता तेव्हा आमच्या ह्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आम्ही डोंबिवलीत, कोपरला राहायचो आणि माझं माहेर ठाण्यातल्या कोपरीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डॉक्टरही तिकडचेच. महिन्यातून एकदा तपासणी. गाडी "तुझ्यासाठीच" घेतली, असं हे बिल्डिंगभर सांगत फिरले.

पहिल्याच फेरीत शीळफाट्याच्या आधी मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकले.

"गाडीत पेट्रोलचा वास मारतोय," मी म्हटलं.

"अगं, दिवस गेलेत तुला. या दिवसांत वास येतातच."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला भाताचा वास सोसायचा नाही. म्हणून भात शिजवणं बंद केलं का कोणी?" सासरे देवभोळे. त्यांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे चंदनाची उदबत्ती लावायला सुरुवात केली, म्हणजे सूनबाईला बरं वाटेल! काचा बंद करून, आत बसून, काडी ओढून. त्या वासाने मला दुप्पट मळमळायचं.

मी गाडी गॅरेजवाल्याकडे न्यायला लावली. त्याने बॉनेट उघडून दोन नळ्या हलवल्या. "मॅडम, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार, अत्तराचा कसा येईल?" हे त्याच्याबरोबर खो खो हसले. नाकाने कांदे सोलते म्हणून माझं घरात नाव झालं.

मला शंका यायला लागली की खरंच माझंच डोकं फिरलंय. कारण भाजी आणायला याच गाडीतून गेले तर काही नाही, आणि ठाण्याला निघालं की पोटात ढवळायचं. "बघ, डॉक्टरला घाबरतेस तू," हे म्हणायचे. घाबरत होतेच मी. पोटातल्या जिवाला त्या वासाने काही होईल म्हणून घाबरत होते, आणि ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

सातव्या महिन्यात माहेरी निघायच्या दिवशी हे सकाळीच पेट्रोल भरून आले. "टाकी फुल्ल केली," म्हणाले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एरवी हे पाच-पाच लिटर टाकायचे. ठाण्याला जायचं असेल तरच टाकी फुल्ल!

खाली गेले तर सासरे गाडीत बसून गणपतीला ओवाळत होते.

"बाबा, आधी ती उदबत्ती विझवा."

"देवाची उदबत्ती विझवत नसतात, सूनबाई."

मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि गाडी पुसायच्या बादलीत बुडवली. सासूबाई गॅलरीतून "अगो बाई!" करून किंचाळल्या. मी डिकी उघडली, माझीच बॅग, लोणच्याची बरणी, स्टेपनी सगळं ह्यांना बाहेर काढायला लावलं आणि सात महिन्यांचं पोट सांभाळत आत डोकं घातलं. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी जाते. तिच्याखाली मी फडकं दाबलं. ओलंचिंब! नळीला वरच्या बाजूला चीर होती. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल तिथून झिरपायचं, आणि त्याच गाडीत आम्ही चार महिने देवापुढे काड्या ओढत होतो.

फडकं मी ह्यांच्या नाकाखाली धरलं. तोंड पांढरं पडलं त्यांचं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

बोलले. "मग नीट सांगायचं ना गं आधी!"

चार महिने मी काय ओव्या म्हणत होते? रागाने भर रस्त्यात मी मोठ्याने रडले. सासरे गाडीतून उतरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस. "चुकलं गं पोरी माझं," म्हणाले.

मुलगी नोकरीला लागून आता कितीतरी वर्षं झाली. आमचे हे अजून ते "चुकलं माझं" वाक्य जुळवतायत.