मोठेबाबांचे आलूबोंडे

माझ्या सासुरवाडीतली एकूण एक लग्नं संग्रहालयात ठरली. इतर घरांत मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना पोहे देतात, चार प्रश्न विचारतात आणि वाटेला लावतात. वारासिवनीच्या या घरात पोहे संपले की मोठेबाबा उठायचे, टोपी घालायचे आणि मुलाला म्हणायचे, "चाला. बालाघाटले जाऊन येऊ. म्युझियम पाहून घ्या." मुलाला वाटायचं, म्हातारा गमत्या दिसतो. मुलाच्या आईला वाटायचं, यात अपमान तर नाही ना? घरातल्या बायका स्वयंपाकघराच्या दारात गप्प उभ्या राहायच्या, कारण परीक्षा सुरू झालेली असायची.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बायकोच्या वडिलांचे थोरले भाऊ. तिचे वडील लवकर गेले, तेव्हापासून सगळ्या पुतण्यांची लग्नं याच माणसाच्या अंगावर पडली. आयुष्य राइस मिलमध्ये गेलं, तेही धानाच्या काट्यावर. पोतं काट्यावर चढायच्या आधी ते त्याच्याकडे असं पाहत की पोत्याला स्वतःचं वजन आठवावं. होणाऱ्या जावयाकडेही ते तसंच पाहत. पोत्याचं तोंड निदान बांधलेलं तरी असतं.

संग्रहालय म्हणावं तर फार काही नाही. थोड्या खोल्या, एक व्हरांडा, अंगणात ओळीनं मांडलेल्या मूर्ती. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. आत काचेमागे जुनी नाणी, भाल्याची पाती, आणि शेवटच्या खोलीत जातं, उखळ, धान मोजायची पायली. इथपर्यंत आलेला प्रत्येक पाहुणा न चुकता म्हणायचा, "हे तं आमच्या घरी बी आहे." त्यावर मोठेबाबांचं उत्तरही ठरलेलं होतं. "म्हणूनच पाहा म्हणतो. घरचं कोणी पाहते काय?" पाट्या ते आधी वाचू देत नसत. "आधी दगड पाहा, मंग पाटी. माणसाले भेटल्याबरोबर त्याचं आधार कार्ड वाचता काय?" आणि कितीही सुंदर काही समोर आलं तरी त्यांच्या तोंडून एकच शेरा निघायचा, "ठीक आहे." याच्या वरची स्तुती त्यांच्याजवळ नव्हती.

निकाल ते कधी तोंडानं सांगत नसत. परतताना वारासिवनीच्या बसस्टँडवर ते थांबले, आणि हातात तेलकट कागदाचा आलूबोंड्यांचा पुडा घेऊन घरी आले, की मुलगा पसंत. रिकाम्या हातानं आले की पाहुण्यांना नम्रपणे गाडीत बसवून द्यायचं. कुणाचं यावर कधी बोलणं झालं नाही. पण दारात उभ्या असलेल्या बायका जावयाचं तोंड पाहण्याआधी मोठेबाबांचे हात पाहत.

नागपूरचा एक मुलगा प्रत्येक मूर्तीसमोर स्वतःचा फोटो काढत फिरला. आलूबोंडे आले नाहीत. मोठेबाबा एवढंच म्हणाले, "साऱ्या देवांकडे पाठ करून उभा राह्यला, बाप्पा." दुसरा एक फारच हुशार होता. मोबाइलवरून वाचून त्यानं मोठेबाबांनाच बालाघाटचा इतिहास समजावला. त्या दिवशीही मोठेबाबा रिकाम्या हातानं आले. "त्याच्याजवळ सारी माहिती आहे," मोठेबाबा म्हणाले, "तं मंग बायको काहून पाह्यजे त्याले?"

माझी परीक्षा झाली त्या दिवशी मी तुमसरहून कटंगीमार्गे बसनं आलो होतो, उभ्यानं. नवे बूट चावत होते. संग्रहालयाच्या अंगणात मोठेबाबा एका द्वारपालाच्या मूर्तीविषयी सांगत होते आणि मी मागे एका बऱ्यापैकी सपाट दगडावर बसलो. चौकीदार धावत आला. मी ज्यावर बसलो होतो तो कुण्या जुन्या देवळाचा कोरीव भाग होता आणि कोरीव बाजू नेमकी माझ्याखाली होती. मी उठू लागलो. मोठेबाबा वळले, दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "काहून बसले?"

"थकलो," मी म्हणालो. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, एवढीच माझी हुशारी.

बसस्टँडवर ते थांबले. गरम गरम आलूबोंडे कागदात बांधून घेतले आणि एक मला तिथंच खायला दिला. आजवर घरात माझी ही निवड प्रामाणिकपणामुळे झाली असं मानलं जातं. माझं स्वतःचं मत बुटांकडे झुकतं.

लग्नानंतर मोठेबाबा नवीन जोडप्याला लांजीचा किल्ला दाखवायला न्यायचे. बाकी लोक कुठं महाबळेश्वरला जातात, कुठं पचमढीला. आम्ही लांजीला गेलो. मोठेबाबा जीपमध्ये पुढच्या सीटवर, मागे मी, बायको, दोन मेव्हण्या आणि भाकरीचा डबा. बायकोशी मी त्या दिवशी जे काही बोललो ते तटबंदी या विषयावर होतं.

पुढं कधीतरी त्या दगडाशेजारी पाटी लागली, 'कृपया इस पर न बैठें'. ती माझ्यामुळे लागली असं मोठेबाबांचं ठाम म्हणणं होतं. माझ्यामागून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते द्वारपाल दाखवायचे, नंदी दाखवायचे, आणि मग ती पाटी. "अन् हे आमच्या जवायाचं." बालाघाट जिल्ह्याच्या इतिहासात माझं जे काही योगदान आहे, ते एवढंच.

अशी वर्षं गेली आणि माझ्या मुलीची, रेणूची वेळ आली. रेणू मलाजखंडला शाळेत शिकवते. तिथंच तांब्याच्या खाणीत काम करणारा अंकित तिला आवडला. मुलगा नीट होता, घरी हिंदी बोलणारा, मराठी समजणारा. माझी काही हरकत नव्हती. माझ्या हरकतीची कुणी वाट पाहत होतं असंही नव्हे. पण रेणूनं एक गोष्ट बजावली. "पापा, मोठेबाबांचे आलूबोंडे आले तरच."

"तू तर ठरवलं आहेस ना?" तिची आई म्हणाली.

"ठरवलं आहे. तरीपण. तुमच्या सगळ्यांचे आले. माझेच नाही आले तर मला जन्मभर खटकत राहील."

अडचण अशी होती की मोठेबाबा आता खाटेवरून फारसे उठत नव्हते. धोतराच्या घड्या मोठ्या झाल्या होत्या, माणूस आत लहान झाला होता. पण अंकित वारासिवनीला आला, त्याचे पोहे संपले, आणि आतून टोपी घालून मोठेबाबा बाहेर आले. "चाला."

गाडी मी चालवत होतो. ते दोघं मागे.

"काय करते तू खदानीत?"

"मशीनें देखता हूँ, बाबाजी. डंपर वगैरह."

"लय खोल आहे म्हणते तुमची खदान."

"बहुत. ऊपर से देखो तो डंपर खिलौना लगता है."

"मंग आमचं म्युझियम तुले लहानच दिसन."

"देखने के बाद बताऊँ?" अंकित म्हणाला.

मी आरशात पाहिलं. टोपी किंचित हलली. ते चांगलं की वाईट, मला कळलं नाही.

संग्रहालयाच्या फाटकाला कुलूप होतं. सोमवार होता. सोमवारी ते बंद असतं हे मला मोठेबाबांनीच शिकवलेलं. निघताना माझ्या लक्षात आलं होतं, पण बोललो नाही. मला वाटलं, मोठेबाबा निघाले आहेत म्हणजे त्यांनी नियम बदलून घेतला असेल. ते फाटकाचे गज धरून बराच वेळ उभे राहिले. विसरले होते. काट्यावरचा माणूस वार विसरला होता.

अंकितनं गजांतून आत पाहिलं. "बाबाजी, उस पत्थर के पास बोर्ड काहे का है?"

मोठेबाबांनी न वळता माझ्याकडे बोट केलं. "यांचं आहे."

अंकितनं माझ्याकडे पाहिलं. मग गजांतून पाटी वाचली. आधी माणूस, मग पाटी, म्हणजे क्रम बरोबर होता.

"हट्ट्याले घ्या गाडी," मोठेबाबा म्हणाले. "बावलीले काही कुलूप नाही."

हट्ट्याची बावली म्हणजे गोंड राजांच्या काळातली पायऱ्यांची विहीर. खाली खांब, ओवऱ्या, अंधार आणि भर दुपारीही गारवा. मोठेबाबा नेहमी सगळ्यांच्या पुढे उतरायचे. त्या दिवशी ते वरच्या पायरीशी थांबले आणि खाली बसले. "मी नाही येत. गुडघे." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. अंकितला सोबत म्हणून मी निघालो, तर म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही बसा. तुमले बसता येते."

अंकित एकटा उतरला. बराच वेळ आला नाही. मला वाटलं, फोटो काढत असेल. मग तो वर आला, हात धुळीनं आणि शेवाळानं भरलेले, आणि मोठेबाबांच्या खालच्या पायरीवर बसून सांगू लागला. पाणी हिरवं आहे पण कचरा नाही. वटवाघळं आहेत. एका जागी वरून थेंब पडतात, तिथला दगड काळा झाला आहे. "हाथ लगाया, बाबाजी. एकदम बरफ."

"वास येते? ओल्या चुन्याचा?"

"आता है."

"हौ," मोठेबाबा म्हणाले. "तोच."

इतकी वर्षं ते दाखवत आले होते. त्यांना कुणी काही दाखवत आहे, असं मी पाहिलं नव्हतं. ते खालच्या अंधाराकडे पाहत ऐकत राहिले.

"और एक बात," अंकित म्हणाला. "नीचे की एक सीढ़ी हिलती है. दाएँ हाथ को. आप जब उतरोगे, उस पर पैर मत रखना."

मोठेबाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आता काय उतरतो, असं काही ते म्हणाले नाहीत. "ठीक आहे," म्हणाले.

हे 'ठीक आहे' मुलाला होतं की पायरीला, याचा विचार करत मी गाडी चालवली. अर्ध्या वाटेत मोठेबाबांना झोप लागली. मान अंकितच्या खांद्यावर गेली आणि तो मुलगा श्वाससुद्धा जपून घेऊ लागला. वारासिवनीचं बसस्टँड आलं. मी गाडी हळू केली. आलूबोंडेवाला नुकताच घाणा काढत होता. आरशात पाहिलं, मोठेबाबा झोपलेले. थांबावं, चार बांधून घ्यावेत, कुणाला कळणार होतं? पण ते म्हणजे काट्यावर आपलाच हात ठेवण्यासारखं झालं असतं. मी गिअर बदलला.

दारात सगळ्या उभ्या होत्या. रेणूनं मोठेबाबांचे हात पाहिले, मग माझे, शेवटी अंकितचे. त्याच्या हातांवर फक्त शेवाळ होतं. ती आत गेली.

"हे काहून गेली?" खाटेवर टेकत मोठेबाबांनी विचारलं.

"तुम्ही आलूबोंडे नाही आणले," माझी बायको म्हणाली.

"मंग?"

"मंग काय, मोठेबाबा. पसंत पडला की तुम्ही आणता. माझ्या वेळी आणले, ताईच्या वेळी आणले. आम्ही साऱ्या त्याच्यावरच तं समजत होतो."

मोठेबाबांनी आळीपाळीनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "तुम्ही हे धरून चालले होते? अरे बाप्पा." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "पोरगा चांगला निघाला की मले भूक लागे. पोरीची चिंता गेली की लागतेच भूक. म्हणून थांबत होतो. अन् एकट्यानं कसं खाऊ, म्हणून घरी बांधून आणत होतो. त्याच्यात दुसरं काय आहे?"

टोपीची घडी त्यांनी बोटांनी नीट केली.

"आता लागतच नाही," ते म्हणाले. "दिवाळीपासून. काहीच खावंसं वाटत नाही. सांगितलं नाही कोणाले." मग म्हणाले, "पोरगा चांगला आहे. रेणूले बोलाव."

माझी बायको त्यांच्या पायाशी बसली ती उठेना. अंकितला बोलण्यातलं बरंच समजलं असावं, कारण त्यानं दारातूनच विचारलं, "बाबाजी, मैं ले आऊँ?" रेणू आणि तो मिळून गेले आणि लग्नाच्या पंगतीला पुरतील इतके आलूबोंडे घेऊन आले. मोठेबाबांनी एक घेतला, अर्धा खाल्ला. फार वेळ चावला. उरलेला ताटलीत ठेवून म्हणाले, "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते मोठेबाबांनी आमच्या तोंडांवरून वाचलं आणि विचारलं नाही. रेणूच्या लग्नात ते मांडवात खुर्चीवर होते. पाऊस लागायच्या आधी गेले.

त्यानंतर रेणू आणि अंकित लांजीला गेले. गाडी मीच चालवली. ते दोघं न विचारता मागे बसले आणि पुढची सीट रिकामी राहिली. किल्ल्यावर जाऊन येईपर्यंत त्या सीटवर कुणी पाण्याची बाटलीसुद्धा ठेवली नाही.

मागच्या महिन्यात माझ्या मेव्हणीच्या मुलीला पाहायला एक मुलगा आला. पोहे संपले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही. ते सगळ्यांना माहीतच होतं. तरी मी उठलो. वार मंगळवार आहे हे दोनदा विचारून घेतलं.

मुलगा फार बोलका नव्हता. जात्यापाशी बराच वेळ थांबला. आमच्या घरी आहे, असं म्हणाला नाही. अंगणात आल्यावर त्यानं तो दगड पाहिला, मग पाटी वाचली आणि ती का लावली म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "काका, कसा होता बसायले?"

"गार होता," मी म्हणालो.

आम्ही परतीला लागलो. त्याच्याबद्दल मला काय वाटतं, हे मी स्वतःला विचारून पाहत होतो आणि उत्तर येत नव्हतं. मग बसस्टँड आलं. आलूबोंडेवाला घाणा काढत होता.

मला भूक लागली होती. मी गाडी थांबवली.