दाजींच्या हलक्या कुंड्या

बाजारातून आणलेली वस्तू जशीच्या तशी वापरणं हा आमच्या दाजींच्या मते शुद्ध आळस होता. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या अक्काचे यजमान, कोल्हापुरात सरकारी कचेरीत कारकून. नवी छत्री आणली की आधी तिची मूठ बदलायची. घड्याळ आणलं की उघडून बघायचं, आणि ते पुन्हा बंद केलं तरी दोन स्क्रू बशीत उरायचेच. "चालतंय न्हवं? मग ते जादाच हुते की," हा त्यावर निकाल. सायकलच्या कॅरिअरला त्यांनी एकदा पाण्याचा डबा आणि नळी बसवली. कशासाठी, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण डबा रस्ताभर गळायचा आणि त्या ओल्या रेघेवरून आज दाजी कुठल्या वाटेने कचेरीला गेले ते सगळ्या गल्लीला सांगता यायचं.

मी त्या वेळी हुपरीला शाळेत मास्तर होतो. रविवारी सकाळच्या एस.टी.ने अक्काकडे जायचो ते तिच्या हातचं जेवायला. पण मी चप्पल काढायच्या आतच दाजींची हाक यायची, "या पावणं, बरं झालं आलासा. जरा हे धरा." काय धरायचं ते नंतर कळायचं. एकदा त्यांनी बनवलेली शिडी मी तासभर धरून उभा होतो आणि दाजी शेजारी बसून चहा पीत होते. संताप यायचा हो! पण माणूस असा, की भांडायला तोंड उघडावं तर आधी त्यात गरम भजं घालणार. मग काय भांडता?

कुंड्यांचं प्रकरण सत्तर सालाच्या आसपासचं. अक्काच्या जुन्या भाड्याच्या घरामागं परडं होतं, आणि लग्नानंतरच्या चार वर्षांत तिनं तिथं मोगरा, गवती चहा, अबोली असं काय काय लावलं होतं. त्यात आजऱ्याहून, म्हणजे आमच्या घरून आणलेलं अनंताचं रोप होतं, जेमतेम गुडघ्याएवढं. ते घर पाडायचं ठरलं आणि दसऱ्याला नव्या पायाची कुदळ पडणार असं मालकानं सांगितलं. दाजींनी गच्ची असलेल्या दोन खोल्या शोधल्या. सामान आलं, पण झाडं जुन्या परड्यातच राहिली. कारण नव्या घरमालकीणबाई. सत्तरीच्या, ठणठणीत, आणि गच्ची आधीच गळत असल्यामुळं गच्चीच्या बाबतीत फारच हळव्या. त्यांनी दारातच नियम सांगून टाकला, "वर वज्जं नगं. जी कुंडी मी म्हातारी एकटी उचलीन, तेवढीच ऱ्हाईल." मातीनं भरलेली कुंडी तर मलाही उचलत नव्हती. अक्का रोज संध्याकाळी जुन्या परड्यात जाऊन पाणी घालून यायची, 'जाऊ देत ती झाडं' असं आपणच म्हणायची, आणि ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठायची. हे मला दिसत होतं, तसं दाजींनाही दिसत होतं. त्यांची बडबड तेवढे आठ दिवस निम्म्यावर आली होती.

नवव्या दिवशी ते रद्दीच्या दुकानातून एक इंग्रजी मासिक घेऊन आले. त्यात दगडासारख्या दिसणाऱ्या, पण उचलायला हलक्या कुंड्यांचं चित्र होतं. सिमेंटात कुजलेलं शेवाळ आणि कसले तरी पांढरे फुगीर दाणे कालवून त्या करतात, एवढं लिहिलेलं होतं आणि पुढचं पान फाटलेलं होतं. दुसऱ्या कुणी मासिक परत दिलं असतं. दाजींना तर फाटलेलं पान म्हणजे आमंत्रणच! पांढरे फुगीर दाणे म्हणजे चुरमुरे, असं त्यांनी जाहीर केल्याबरोबर अक्कानं चुरमुऱ्यांचा डबा शेजारी नेऊन ठेवला. मग त्यांनी वखारीतून लाकडाचा भुसा आणला. सिमेंट त्या काळी परमिटावर मिळायचं. एका मित्राच्या न्हाणीघराचं काम होऊन उरलेलं अर्धं पोतं त्यांनी गोड बोलून मिळवलं. घमेलं पालथं घालून, त्यावर ओलं पोतं टाकून, कालवलेला माल थालीपिठासारखा थापायचा अशी युक्ती काढली. इथवर सगळं ठीक होतं. पण थापायच्या आधी दाजींनी पातेलंभर गुळाचं पाणी त्यात ओतलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "पावणं, आपलं गडकिल्लं उगंच उभं हायत व्हय? चुन्यात गूळ घालत हुते. त्या साहेबाला गूळ कुठनं म्हाईत असणार?"

कोल्हापूरच्या माणसाला गुळाच्या बाबतीत शंका विचारायची नसते, म्हणून मी घमेलं धरून बसलो. पुढच्या रविवारी गेलो तर थापलेल्या तिन्ही कुंड्या तशाच मऊ, बोट लावलं की आत जात होतं, आणि भोवती मुंग्यांची रांग. घरमालकीणबाईंनी वाकून बघितलं आणि कुंडी आहे का लाडू, असं विचारून त्या खाली गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या बांधकामावरचा म्हातारा गवंडी आणला. त्यानं चिमूटभर माल जिभेला लावला आणि शांतपणे म्हणाला, "चुना येगळा, सिमिट येगळं. ह्यात गूळ पडला की ते जलमात धरायचं न्हाय."

मी दाजींना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर. अर्ध्या पोत्यातल्या सिमेंटचा तिसरा हिस्सा वाया गेला होता, दसरा महिन्यावर आला होता. म्हणाले, "तिला काय सांगू आता?" मग मात्र माझाच राग कुठल्या कुठं गेला. त्या गवंड्यानंच सांगितलं, भुशाऐवजी भाताचं तूस घाला, पण आधी चांगलं धुऊन वाळवा. तूस म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आजरा गाठला आणि गावच्या भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस घेऊन एस.टी.त चढलो. कंडक्टरशी भांडलो, अंगभर कुसळं घेऊन उतरलो. अक्कानं पोतं उघडलं, मूठभर तूस नाकाशी नेलं, आणि पदर खोचून धुवायला बसली. त्या दिवसापासून तीही थापायला आली. दाजी मिश्रणात काही घालायला वाकले की ती त्यांच्या हाताकडं बघायची, आणि हात माघारी जायचा. उरल्यासुरल्या मालाचा दाजींनी एक हत्ती केला. त्याची सोंड गळून पडल्यावर ते कासवच होतं असं ठरलं. कुंड्यांवर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, ओली पोती पांघरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परड्यातली झाडं हातगाडीवरून आणली, सात कुंड्यांत लावली, आणि घरमालकीणबाईंना वर बोलावलं. त्यांनी पदर खोचला, अनंताच्या कुंडीला दोन्ही हात घातले. दाजींचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव. बाईंनी कुंडी उचलली, कमरेवर घेतली, गच्चीभर एक फेरी मारली आणि कठड्याशी ऊन असलेली जागा बघून स्वतःच ठेवली. "हितं बरं वाटंल त्याला," म्हणाल्या. अक्का दाजींकडं वळली. त्यांच्या हौशीला चार वर्षं नावं ठेवणारी माझी बहीण तेव्हा म्हणाली, "अहो, अजून दोन करा की."

आता दाजींना जिना चढवत नाही. अक्का संध्याकाळी गच्चीवरून खाली येते आणि कशाला कळ्या आल्यात ते त्यांना सांगते. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "आणि कुंड्या?" अक्का म्हणते, "दगडासारख्या हायत." अनंताच्या मुळांनी ती कुंडी मागच्याच पावसाळ्यात फोडली, झाड माझ्या खांद्याला लागतंय. तुकडे अक्कानं आणि मी मागच्या जिन्यानं खाली नेले, आवाज न करता.