ताराचा पहिला शब्द

अंबागेटच्या आत, फुलवाल्यांच्या गल्लीत पार्बताबाईचं दोन खोल्यांचं घर होतं. सकाळी साडेदहाच्या आत त्या घरात पाच-सहा लेकरं येऊन पडत आणि संध्याकाळी साडेपाचला एकेक करून उचलली जात. मधल्या सात तासांत तिथं काय चालायचं ते सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. साडेपाचनंतर काय चालतं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, कारण काही चालतच नसे.

तिचा नवरा शेषराव झेंडू-शेवंतीचा मळा करायचा. तो पटकीत गेला, मळा दिराकडे गेला, आणि बत्तिसाव्या वर्षी पार्बताबाई त्या दोन खोल्यांत एकटी उरली. पोटी लेकरू नव्हतं. वर्षभर तिनं देवीच्या देवळापुढं बसून हार विकले. मग एक दिवस गल्लीच्या तोंडाशी राहणारी माणिकबाई नर्स आठ महिन्यांचा मुलगा काखेत घेऊन दारात उभी राहिली. "चार दिवस सांभाळ व पार्बता, मंग पाहातो काही." त्या चार दिवसांची चार वर्षं झाली. हे सुरू झालं एक्कावन्न साली. पाळणाघर हा शब्द त्या गल्लीत तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. लोक म्हणत, पोट्टे सांभाळनारी पार्बता.

माणिकबाईचं पाहून दुसऱ्या आल्या. कुणी शाळामास्तरीण, कुणी तार ऑफिसातली. बाईमाणसानं नोकरी करावी की नाही यावर शहाणी माणसं ओसरीवर बसून वाद घालत असत, आणि त्या वादाच्या वेळात पार्बताबाई त्यांच्या नातवंडांचे लंगोट धूत असे. सकाळी तेल-पाणी, धुरी, मग आडव्या वाशाला जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या. त्यात तान्ही. चालती पोरं दाराला आडवा पाट लावून आत कोंडलेली. दुपारी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की जेवणं. प्रत्येकाचा डबा त्याच्या त्याच्या घरून यायचा, कारण माळणीच्या हातचं खायचं की नाही याचे प्रत्येक घरचे कायदे निराळे. ती डबा उघडायची, ज्याचा घास त्यालाच भरवायची. ब्राह्मणाचं पोर तिच्या ताटातल्या भाकरीवर झडप घालायचं तेव्हा ती त्याचा हात हळूच बाजूला करायची आणि स्वतः सगळे निजल्यावर, भिंतीकडं तोंड करून जेवायची.

तिचा एक नियम होता, आणि तो तिनं कुणाला सांगितलेला नव्हता.

माणिकबाईचा मुलगा पहिल्यांदा चालला तो पार्बताबाईच्या घरात. खांब सोडून तीन पावलं टाकली आणि तिच्या मांडीवर येऊन आदळला. ती हरखून गेली. संध्याकाळी माणिकबाई दारात दिसताच ओरडली, "चालला व बाई तुहा पोट्टा! तीन पावलं!" तिला वाटलं, माणिकबाई नाचेल. माणिकबाई पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "त्याच्यासाठीच तर मरून राहिली मी दवाखान्यात. अन् तेच मले दिसलं नाई." नवऱ्यानं टाकलेली बाई ती. तिच्याजवळ तेवढंच होतं, आणि तेही पार्बताबाईनं आधी पाहून घेतलं होतं.

त्या दिवसापासून पार्बताबाईनं तोंडाला कुलूप घातलं. पोर चाललं, दात दिसला, बोललं, की ती संध्याकाळी एवढंच म्हणायची, "बाई, पाय शिवशिवून राहिले याचे. ध्यान ठेवजा." दुसऱ्या दिवशी आई धावत यायची, "पार्बताबाई, काल चालला हो!" की ही गालावर हात मारून घ्यायची, "काय म्हनता? खरंच?" आणि बोटं मोडून दृष्ट काढायची. हे नाटक ती इतकं चोख करायची की एकाही आईला कधी शंका आली नाही. असे अठरा लेकरांचे पहिले दात, पहिली पावलं, पहिले शब्द तिनं एकटीनं पाहिले, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. कधी कधी संध्याकाळी चूल पेटवताना ती मोठ्यानं म्हणायची, "आज मास्तरणीच्या मधल्याचा दात आला." चूल काय बोलणार?

पंचावन्न साली तारा आली, सहा महिन्यांची. तिची आई अनसूयाबाई मुलींच्या शाळेत शिकवत. वडील चिंतामणराव अकोल्याला वकिली करायचे, शनिवारच्या गाडीनं येत, रविवारी रात्री परत. घरात सासू, गोदावरीबाई. त्यांचं सोवळं कडक आणि गुडघे दुखरे, म्हणून नात माळणीकडे. या गोष्टीचा राग त्या गुडघ्यांवर काढत नसत, पार्बताबाईवर काढत.

तारा वेळेवर बसली, वेळेवर चालली. बोलली मात्र नाही. वर्ष झालं, दोन झाली, तिसरं सरलं. डोळे लख्ख, सांगितलेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द नाही. अनसूयाबाईंचा चेहरा उतरत गेला. नवस झाले, अंगारे झाले, वेखंड उगाळून चाटवून झालं. गोदावरीबाई उघड म्हणू लागल्या, "दिवसभर वांझोटीच्या घरात ठेवल्यावर पोर मुकं नाही होणार तर काय?" हे पार्बताबाईच्या कानावर आलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. तारा तिची इतरांपेक्षा लाडकी होती. हे तिनं कबूल केलं नसतं, पण होती.

अठ्ठावन्नच्या थंडीतली दुपार. सगळी निजली होती. पार्बताबाई भिंतीकडं तोंड करून भाकरी-ठेचा खात होती. मागून कुणीतरी पदर ओढला. तिला वाटलं, मांजर. वळली तर तारा.

"माय," तारा म्हणाली. "मले पानी."

स्वच्छ. जशी पार्बताबाई स्वतः बोलायची अगदी तसं.

पार्बताबाईच्या हातातला घास ताटात पडला. तिनं पाणी दिलं, त्यातलं अर्धं पोरीच्या झबल्यावर सांडलं. "फिरून म्हन व माय," ती म्हणाली. तारा म्हणाली, "माय." "आनखी एकडाव." "माय." तीनदा, चारदा, पाचदा तिनं म्हणवून घेतलं. हावरटासारखं. चाळीस वर्षं कुणी तिला त्या नावानं हाक मारलेली नव्हती आणि पुढं मारणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं पोट भरून ऐकलं.

दोन दिवस तिनं हे सुख तोंडात धरून ठेवलं. संध्याकाळी नेहमीसारखं "ध्यान ठेवजा" सुद्धा म्हणाली नाही. तो तिचा लोभ होता, आणि तिला तो कळत होता.

तिसऱ्या दिवशी बुधवार. अनसूयाबाई आल्या त्या डोळे सुजवून. "रविवारी अकोल्याला नेतेय हिला. यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. म्हणे जिभेखालची शीर चिकटली असेल तर कापून बघू. पार्बताबाई, एवढ्याशा जिवाच्या जिभेला कात्री लावायची हो!"

 पार्बताबाईचा एक शब्द पुरे होता. 'बाई, पोरगी बोलते,' एवढं म्हणायचं. तोंड उघडलंही तिनं. पण पुढचा प्रश्न तिला आधीच ऐकू आला: काय बोलली? कुणाला? तीन वर्षं या बाईनं ज्या शब्दासाठी उपास केले तो शब्द माळणीला मिळाला, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? माणिकबाई पायरीवर बसून रडलेली तिला आठवली. आणि गोदावरीबाई तर 'मले पानी' ऐकून पोरीला दुसऱ्या दिवशी इकडं पाठवणार नाहीत. ती नुसतं ताराचं झबलं सारखं करत राहिली. रविवारला चार दिवस होते.

गुरुवारी दुपारी तिनं ताराला मांडीवर घेतलं. तारा हसून म्हणाली, "माय." पार्बताबाईनं आपलं बोट तिच्या ओठांवर ठेवलं.

"नाई. मले नाई म्हनाचं. मी माय नोय. ते साडेपाचले येते न, पुस्तकाची थैली घेऊन, ते आई. तिले म्हन. आई."

तारा तिच्याकडं बघत राहिली. पुन्हा म्हणाली, "माय." पुन्हा बोट. "चूप. मले नाई. आई म्हन." गुरुवारी दहादा, शुक्रवारी वीसदा. शुक्रवारी दुपारपर्यंत पोरगी 'माय' म्हणायची थांबली. पार्बताबाईनं देवाचे आभार मानले आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

साडेपाचला अनसूयाबाई दारात आल्या. पार्बताबाईनं ताराला पुढं केलं आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पोरीनं मागं वळून हिच्याकडं पाहिलं. हिनं हनुवटीनं दाराकडं खुणावलं.

"आई," तारा म्हणाली.

थैली खाली पडली, मुलींच्या वह्या गल्लीभर झाल्या. अनसूयाबाईंनी लेकीला छातीशी असं कवटाळलं की पोर गुदमरलं. "ऐकलंत? पार्बताबाई, ऐकलंत तुम्ही? आई म्हणाली! मला म्हणाली!"

"काय म्हनता!" पार्बताबाईनं गालावर हात मारून घेतला. "खरंच व माय!" बोटं मोडली. आजवरचं सगळ्यात चांगलं नाटक तिनं त्या दिवशी केलं, आणि वह्या गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

अकोल्याचा डॉक्टर टळला. जीभ वाचली. आठवड्याभरात तारा घरी पोपटासारखी बोलू लागली. आईशी, आजीशी, शनिवारी वडिलांशी. गोदावरीबाईंनी नवसाला नारळ फोडले.

पार्बताबाईच्या घरात मात्र ती एक अक्षर बोलेना.

सकाळी उंबरा ओलांडला की तोंड बंद. तहान लागली तर माठाकडं बोट. पार्बताबाईनं लाडीगोडी केली, संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या, "बोल न माहे बाई, आता बोल, काही बी म्हन" अशी विनवणी केली. तारा तिच्याकडं शहाण्यासारखी बघायची आणि आपलं इवलंसं बोट आपल्याच ओठांवर ठेवायची. या घरात बोलायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं ते नीट शिकून घेतलं होतं. तिला वाटत असणार, यानं ही माझ्यावर खूष होईल.

तीन वर्षांच्या पोराला 'मला नको, तिला म्हण' एवढं बारीक कसं कळावं? अठरा लेकरं वाढवलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. घाई होती.

महिनाभरानं अनसूयाबाई चुळबुळत म्हणाल्या, "पार्बताबाई, राग मानू नका. घरी दिवसभर बडबडते हो, आणि इथं मिटून जाते. सासूबाई म्हणतात, या घरातच तिचं तोंड बांधलं जातं. माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर. पण..."

"बराबर हाये त्यायचं," पार्बताबाई म्हणाली. "इथंच बांधलं जाते."

अनसूयाबाईंना वाटलं, ती रागावून बोलली. परीक्षा झाल्या आणि त्यांनी अकोल्याला नोकरी धरली. बिऱ्हाड नवऱ्याकडं गेलं. जायच्या दिवशी तारा टांग्यात बसून गल्लीतल्या बकरीला, फुलवाल्याला, टांग्याच्या घोड्याला टाटा म्हणाली. पार्बताबाई दिसली तशी गप्प झाली. मोठ्या माणसासारखा हात हलवला, इतकंच.

मग दुसरी लेकरं आली. झोळ्या रिकाम्या राहिल्या नाहीत. पण पार्बताबाई त्यांच्याशी बोलायची कमी झाली. तान्हं हुंकार द्यायला लागलं की उठून धुण्याकडं जायची, न जाणो पहिला शब्द आपल्याच वाट्याला यायचा.

सहासष्ट साली दिराच्या मुलीच्या लग्नाला ती अकोल्याला गेली. लग्न आटोपल्यावर पत्ता विचारत विचारत अनसूयाबाईंच्या घरी पोचली. हे कशाला करतो आहोत, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. अनसूयाबाईंना खरंच आनंद झाला. केस पिकले होते त्यांचे. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा-पोहे दिले, आणि आतून ताराला बोलावलं. दोन वेण्या घातलेली, अकरा वर्षांची उंच मुलगी बाहेर आली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. "एकदा सुरू झाली की थांबत नाही हो," अनसूयाबाई कौतुकानं म्हणाल्या, आणि मग ती गोष्ट सांगू लागल्या, जी त्या घरी शंभरदा सांगून झाली असावी: तीन वर्षं शब्द नाही, रविवारी डॉक्टर, आणि शुक्रवारी संध्याकाळी दारात, माझ्याकडं बघून, पहिला शब्द 'आई'. "या साक्षीदार आहेत. विचार यांना."

तारानं पार्बताबाईकडं पाहिलं. "त्याच्या आधी मी खरंच काहीच बोलले नव्हते? तुमच्याकडं दिवसभर असायचे ना मी?"

अनसूयाबाई हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत होत्या. पार्बताबाईनं कपबशी खाली ठेवली.

"नाई व बाई. एक शबद नाई. पहिला शबद तुह्या आईलेच."

"मग मी तुम्हांला हाक काय मारायचे?"

"हाक कुठून मारशीन? बोलतच नव्हती न तू."

"आता काय म्हणू मग?"

"पार्बताबाई म्हण की," अनसूयाबाई मध्येच म्हणाल्या. "सगळेच म्हणतात."

"पार्बताबाई," तारा म्हणाली. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी. नाव कसं खणखणीत उच्चारलं.

"हाव," पार्बताबाई म्हणाली. "तेच म्हन."