हाकेला ओ

आमच्या ऑफिसात नावं ठेवणारे पुष्कळ होते, नावं देणारे मात्र एकटे दादा. दादा म्हणजे आमचे नेटवर्कवाले. प्रत्येक मशीनला एक लांबलचक नंबर असतो, तो कुणाच्या बापाच्या लक्षात राहत नाही, म्हणून त्याला नाव द्यायचं. इतर ठिकाणी म्हणे ‘अकाउंट्स-एक’ असली बेचव नावं देतात. दादांनी घरच गोळा केलं होतं. सतत कुरकुरणारा प्रिंटर म्हणजे ‘आत्या’. इंटरनेटवर जायचं तर ज्याच्यातूनच जावं लागतं तो डबा ‘मोठे काका’. आणि कुठलं नाव कुठल्या नंबरचं, हे सगळं ज्याच्या डोक्यात, ते कोपऱ्यातलं मशीन ‘आजी’. ‘आत्या रुसली’ असं कुणी ओरडलं की नवा माणूस दचकायचा, आणि आठवडाभरात तोही आत्याची मनधरणी करायला लागायचा.

‘धाकटी’ ही मात्र खरीच धाकटी होती, दादांची लहान मुलगी. कॉलेज सुटलं की ती ऑफिसात यायची. मी रिसेप्शनला बसते. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून ती अभ्यास करायची, आणि मी फोनवर गोड आवाज काढला की फोन ठेवल्याबरोबर माझी नक्कल करायची. तिच्या लॅपटॉपला दादांनी कायमचा एक नंबर दिला होता आणि आजीला तिचं नाव सांगून ठेवलं होतं.

मग ती आजारी पडली आणि गेली. याहून जास्त मला लिहवत नाही.

लॅपटॉप घरी कपाटात गेला. नाव आजीकडे राहिलं. सकाळी ऑफिस उघडायला मी आणि दादाच असायचो. आल्या आल्या ते एक-एक मशीनला हाक मारून बघायचे. म्हणजे नाव टाइप करायचं, मशीन जागं असेल तर ते ओ देतं, तशी ओळ पडद्यावर उमटते. आत्या ओ द्यायची, मोठे काका द्यायचे. सगळ्यात शेवटी दादा धाकटीला हाक मारायचे. पडद्यावर यायचं, ‘उत्तर नाही’. ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. मी चहा ठेवायला आत जायची. एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहवलं नाही.

यंदा ऑफिस नव्या इमारतीत हललं आणि नवे साहेब आले. साहेबांना आत्या-काका पसंत पडले नाहीत. ते एक वेळ चालवून घेतो म्हणाले, पण ज्या नावामागे मशीन नाही ती नावं काढून टाका. माणूस वाईट नव्हता. त्याला माहीत नव्हतं आणि त्याला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. दादा ‘हो’ म्हणाले. नव्या जागेचा आराखडा त्यांनी केला, त्यात कुठला नंबर कुणासाठी राखून ठेवायचा ते लिहिलं, आणि साहेब तपासणार म्हणून तिचा नंबर त्यात दाखवला नाही. आजीकडचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही. तिथे कोण बघायला जातंय?

नव्या जागेतला पहिला दिवस. सगळे हाताची घडी घालून उभे, काम कुणालाच नाही. दादा टेबलांखाली गुडघ्यांवर रांगत केबली खोचत होते. दुपार व्हायच्या आत इंटरनेट आलं. साहेबांनी स्वतः बिस्किटं मागवली. आता नवीन मशीनला नंबर हातानं द्यायची गरज नव्हती, न राखलेल्या नंबरांतला एकेक मोठे काकाच वाटणार होते.

मी चहा घेऊन गेले तर दादा पडद्याकडे बघत बसलेले. सवयीप्रमाणे त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या होत्या. शेवटची धाकटीला. आणि ओळीमागून ओळ येत होती. धाकटी ओ देत होती.

मी चहा टेबलावर ठेवला. दादा हळूच म्हणाले, “दुसरं कुणाचं तरी मशीन आहे. तिचा नंबर राखायचा राहिला ना, तो वाटला गेला. माझीच चूक.”

ते उठले, केबलीचा माग काढत खोलीभर फिरले आणि माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. माझा कॉम्प्युटर त्या दिवशीच नवा आला होता.

“तुमचंच आहे,” ते म्हणाले. “दुसरा नंबर देतो. दोन मिनिटांचं काम.”

“काही अडलंय का?” मी जरा तोडूनच बोलले, नाहीतर रडूच फुटलं असतं. “माझं काम चाललंय. आजचा दिवस राहू द्या.”

ते माघारी वळले. दिवसभर येता-जाता ते आपल्या पडद्यापाशी थांबत होते आणि मी जागची हलले नाही. वेडेपणा होता, कळत होतं. ओ देत होतं ते माझं मशीन, ती नव्हे. पण मी जेवायलाही उठले नाही.

संध्याकाळी सगळे गेले. दादा पिशवी खांद्याला लावून समोर आले.

“बंद करा आता.”

“मी चालू ठेवून जाते, दादा. कुणाला कळतंय?”

“नको.” ते खाली बघत होते. “घरी रोज तेच सांगायचो तिला. पुरे झालं, बंद कर आणि झोप.”

मी बंद केलं. त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर ओळी थांबल्या. दादा पिशवी न उतरवता खुर्चीत बसले, आजीकडची यादी उघडली आणि तिचं नाव काढलं. त्यांना डोळे पुसायला काही मिळेना, तेव्हा मी माझा रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच होतो. मोठ्या काकांना हाक झाली, आजीला झाली. मग बोटांनी सवयीनं तेही नाव टाइप केलं. मी मागेच उभी होते. इतके दिवस ‘उत्तर नाही’ यायचं. ती बोलत नव्हती, पण आजी तिला ओळखत तरी होती. आज पडद्यावर आलं, ‘या नावाचं कुणी नाही’.

दादांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “चला, आत्याचा कागद अडकलाय वाटतं,” आणि उठले. आत्या तर बंदच होती अजून.