सुमित्राबाईनं न ठेवलेला पाय

दवनीवाड्यात कोणाच्या कंबरेत चमक भरली की तो आधी दवाखान्यात जात नाही, सुमित्राबाईच्या अंगणात जाऊन पालथा पडतो. सुमित्राबाई पायाळू, जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं दुखऱ्या पाठीवर तीनदा पाय टेकवला की चमक निघते, असा समज. सत्तरीची ही बाई खांबाला धरून अल्लाद पाय टेकवते. बदल्यात सुपारीचं खांडही घेत नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही. गावात तिला मान आहे तो या पायाचा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि तिच्या शेजारी राहतो. तिची थट्टा मी पुष्कळ केली. एकदा ती शाळेत येऊन प्लॅस्टिकच्या सांगाड्यापुढे उभी राहिली.

"गुरुजी, ह्या मणक्यायच्या मधात गादीवानी काय हाय जी?"

मी तोऱ्यात सांगितलं, "चकती. ती सरकली की नस दाबते. पायाला मुंग्या आल्या, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, की तुमच्या पायाचं काही चालत नाही. ताबडतोब मोठा दवाखाना."

ती पदर सावरून निघून गेली. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या पावसाळ्यात राइस मिलमध्ये पोती उचलणाऱ्या शालीकरामला दोघांनी धरून तिच्या अंगणात आणलं. तो पालथा पडला. बाईनं पाय उचलला आणि विचारलं, "पायाले मुंग्या येऊन राहिल्या का?"

"येऊन राहिल्या."

"लघवी कवा झाली?"

शालीकराम ओशाळला. "काल दुपारी. मंग होऊनच नाही राहिली."

तिनं पाय खाली घेतला. "मी नाही ठेवत. गोंदियाले जाय, आत्ताच."

"काऊन जी? साऱ्यायले ठेवता, मलेच नाही?"

"गुरुजी, ऑटो बलवा!" ती कुंपणावरून ओरडली आणि स्वतः त्याच्यासोबत गेली.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलं. पण पायांत जोर कितपत येईल, ते आत्ताच सांगता येत नाही."

गाव मात्र बोलायला लागलं, बाईच्या पायाचा गुण गेला, म्हणून तिनं टाळलं. दोन-तीन महिने अंगणात कोणी फिरकलं नाही. ती खांबाशी बसून आपल्या झिजलेल्या गुडघ्याला तेल चोळायची आणि रोज मला एकच विचारायची, "शालीकराम उभा झाला का जी?" मला तिची फार दया यायची, आणि स्वतःची लाज.

दिवाळीनंतर शालीकराम आला. कंबरेला पट्टा, हातात काठी. तो पाया पडायला गेला तशी बाई खेकसली, "वाकू नोको! डॉक्टरनं मनाई केली न तुले?"

"मंग पाया कसा पडू?"

"चालून दाखव."

तो तुळशीपासून फाटकापर्यंत गेला आणि परत आला. सुमित्राबाई त्याच्या टाचांकडे बघत होती. डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं.

माझी कंबर धड होती. मी वाकलो.