झुंबरअक्कांचा जबाब

सोनगीरला पिठाच्या गिरण्या आणखीही होत्या, पण तांबट आळीपासून थेट हायवेपलीकडच्या वस्तीपर्यंतच्या बायका दळण घेऊन यायच्या त्या झुंबरअक्कांकडे. झुंबरअक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी चोपड्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, की एक बाई पदर खोचून इंजिनाचं चाक फिरवते आहे आणि बापे माणसं डबे घेऊन रांगेत मुकाट उभी आहेत.

सासरे गेल्यावर अक्कांचे धाकटे दीर, छगननाना, म्हणाले होते की गिरणी भाड्यानं देऊन टाकू, बाईमाणसाचं काम नाही. अक्का म्हणाल्या, "गिरन मना मालकनी लियेल शे. मीच चालाडसू." आणि चालवली. दगडांना टाकी मारायला शिकल्या, पट्टा तुटला तर तो शिवायला शिकल्या. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढऱ्या झालेल्या अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, की मी ओळखायचे, आज दादर ज्वारीचं दळण जास्त होतं.

माझे यजमान नरडाण्याला रेल्वेत होते, सुट्टीला तेवढे घरी यायचे. त्यामुळे घरात आणि गिरणीवर आम्ही दोघीच.

ते पत्र आलं चौऱ्याहत्तर साली, होळीच्या आधी. कौतिक पोस्टमन सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "अक्का, दिल्लीचं टपाल." गुलाबी कागद, वर लक्ष्मीचं चित्र, खाली एका ट्रान्झिस्टरचं. मजकूर छापील, अर्धा हिंदी, अर्धा मोडक्या मराठीत. मी वाचून दाखवला. भव्य सोडतीत श्रीमती झुंबरबाई यांचं नाव निघालं आहे, तीन बँडचा रेडिओ बक्षीस लागला आहे, फक्त पॅकिंग, टपाल आणि सरकारी कर एवढेच पैसे पार्सल सोडवताना भरायचे. त्वरा करावी, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाईल. आणि सर्वांत खाली, जाड अक्षरांत: ही बातमी गुप्त ठेवावी.

"आपलं नाव त्यास्ले कसं माहीत?" अक्कांनी विचारलं.

मला आठवलं, मागच्या वर्षी आम्ही गिरणीचा पट्टा एका सूचीपत्रातून टपालानं मागवला होता. तिथूनच कुठूनतरी गेलं असेल. अक्कांना ते पटलं, मलाही पटलं. घरात रेडिओ नव्हता. दुपारी दळण थांबल्यावर अक्कांना कानात नुसती इंजिनाची घरघर उरायची, तिच्या जागी माणसाचा आवाज ऐकायचा होता त्यांना. पत्रासोबतच्या कार्डावर मी "पाठवावे" असं लिहिलं. अक्कांनी सही केली. पुढच्याच आठवड्यात त्या पोस्टात जाऊन तेव्हा रेडिओला लागणाऱ्या लायसनची चौकशीसुद्धा करून आल्या.

पार्सल आलं तेव्हा गिरणीवर गर्दी होती. कौतिकनं सांगितलं, "आधी पैसे, मग पार्सल. व्ही.पी.चा नियम." डिझेलसाठी बाजूला ठेवलेले पैसे अक्कांनी दिले. खोकं झकास होतं, चारी बाजूंनी रेडिओचं चित्र छापलेलं, लाखेचं सील. बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. अक्कांनी सुतळी कापली, पेंढा बाजूला केला, वर्तमानपत्राचं वेष्टन सोडलं. आत वाळलेल्या चिखलाचं एक चौकोनी ढेकूळ होतं.

इंजिन चालूच होतं. पट्टा फटफट वाजत होता. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं.

अक्कांचा चेहरा मी पाहिला. पिठाखालीसुद्धा तो लाल झालेला कळत होता. त्यांनी ढेकूळ परत खोक्यात ठेवलं, खोकं कोपऱ्यात सरकवलं आणि पुढच्या बाईला म्हणाल्या, "आण व माय, तुना डबा." दिवसभर दळत राहिल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

संध्याकाळी छगननाना आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. आता कुठं बोलू नका. कुणी विचारलं तर सांगा, चुकीचं पार्सल आलं होतं. उगाच घराची लाज जाते."

अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माले फसाडं, मी कोणले फसाडं नही. लाज माले कसाले? मी तं बठ्ठा गावले सांगसू."

दुसऱ्या दिवशी त्या खोकं काखेत मारून पोस्टात गेल्या. मी सोबत होते. पोस्टमास्तर भला माणूस. त्यांनी हळहळ व्यक्त केली, पण म्हणाले, "अक्का, पार्सल उघडल्यावर आमच्या हातात काही राहत नाही."

"मना पैसा आते कोठे शे?"

"त्याची मनीऑर्डर होऊन जाईल, पाठवणाऱ्याला."

"जाईल म्हणजे आजून गयी नही ना?"

पोस्टमास्तर उठले. चष्मा लावून त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाले, फसवणुकीची तक्रार वेळेत झाली, तर वरची कचेरी रक्कम थांबवू शकते. पण हुकूम धुळ्याहून यायला हवा. त्यांनी स्वतःच अर्ज लिहून दिला आणि म्हणाले, टपालानं नका पाठवू, हातानं नेऊन द्या.

आम्ही एस.टी.नं धुळ्याला गेलो. खोकं अक्कांच्या मांडीवर. कंडक्टरनं चित्र बघून विचारलं, "नवा रेडिओ का?" अक्कांनी त्याला झाकण उघडून दाखवलं आणि सगळी हकिकत सांगितली. देवभान्याच्या पुढं जाईपर्यंत सगळ्या गाडीला ती माहीत झाली होती. मी खिडकीबाहेर बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, अक्कांना नाही.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, ढेकूळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, रेडिओ काढून घेऊन ही माती तुम्हीच भरली नाही, हे मी कशावरून मानू?"

अक्कांनी खोक्याचं झाकण आपटून लावलं.

"राग मानू नका," तो म्हणाला. "तिकडची कंपनी हेच म्हणणार. तुमच्या भागातून अशी दुसरी एकही तक्रार नाही. एकट्या माणसाच्या बोलण्यावर पैसे अडवणं अवघड आहे. अर्ज ठेवून घेतो."

परतीच्या गाडीत अक्कांनी खोकं कुणालाच उघडून दाखवलं नाही. मला वाटलं, खचल्या. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचं बरोबर शे. पन ह्या चोरनी एवढी चित्रं छापी, एवढी खोकी बनाडी, ती काय मना एकलीसाठी? आजून लोक फसेल शेत. तोंड दाबीसन बसेल शेत."

कौतिकला त्यांनी गाठलं. तो कासावीस झाला. "अक्का, कुणाला काय टपाल आलं ते मी सांगू शकत नाही. नोकरी जाईल. तुम्ही विचारा. ज्याला सांगायचं तो सांगेल."

अक्कांनी विचारलं, ते बाजाराच्या दिवशी. मिरच्यांच्या आणि मडक्यांच्या मधल्या जागेत पोतं अंथरून बसल्या, समोर खोकं उघडं, त्यात ढेकूळ. गिरणीवर इंजिनाच्या आवाजावरून बोलायची सवय, त्यामुळे आवाज पार शेवटच्या दुकानापर्यंत जात होता. "या, पाहा! हाऊ मना बक्षीसना रेडिओ! ज्याले ज्याले असं पार्सल उनं त्यानी गिरनवर या!"

लोक हसले. एकानं ढेकळाला कान लावून "बातम्या लागल्या" म्हटलं. पोरं गोळा झाली. छगननाना लगबगीनं आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, उठा. अख्ख्या बाजारात घराची लाज मांडली तुम्ही."

"छगनभाऊ, ती लाज त्या चोरनी शे. त्याले वापस धाडी राहिनू."

नाना तावातावानं निघून गेले. बाजार उठेपर्यंत अक्का तिथून हलल्या नाहीत.

पहिला आला तो अभिमन नावाचा शेतकरी, नरडाण्याकडचा. बाजारात तो सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. गिरणीच्या दारात येऊन त्यानं पिशवीतून बक्षिसाची हातबॅटरी काढली, झाकण फिरवलं आणि आतली वाळू ओट्यावर ओतली. "बायकोलेबी सांगं नही आजून," म्हणाला. मग तांबट आळीतली भिकुबाई आली. तिला भारी रेशमी लुगडं लागलं होतं, आलं मच्छरदाणीच्या जाळीचं फडकं. पोरीच्या लग्नासाठी सोडवलं होतं तिनं. अक्कांजवळ बसून ती आधी रडली, मग शिव्या द्यायला लागली. अक्का म्हणाल्या, "हां, आते कशी बोलनी!"

एका दुपारी सायरबाई स्वतः गव्हाचा डबा घेऊन आल्या. कापडवाले दलिचंद सेठ यांच्या त्या पत्नी. त्यांचा गहू नोकर घेऊन यायचा, त्या स्वतः कधी गिरणीची पायरी चढल्या नव्हत्या. ओढणी पुढं ओढून म्हणाल्या, "झुंबरबाई, आमच्याकडं पण आलं होतं. सोन्याच्या मुलाम्याचं घड्याळ म्हणून. आत जत्रेतलं पत्र्याचं निघालं. सेठ म्हणाले, बोलायचं नाही, पेढीचं नाव जातं."

"मंग तुम्ही जबाब देशात?"

पीठ पूर्ण पडायच्या आतच सायरबाई डबा उचलून गेल्या.

सगळ्यांचा मिळून दुसरा अर्ज धुळ्याला गेला. ह्या वेळी कचेरी हलली. पोस्टाचे एक इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले. पोस्टाच्या खोलीत एवढी माणसं मावेनात, म्हणून अक्कांनी इंजिन बंद केलं आणि गिरणीच्या ओट्यावर त्यांना खुर्ची दिली. निम्मं गाव बघायला जमलं.

अभिमननं सांगितलं, भिकुबाईनं सांगितलं. इन्स्पेक्टर कागद आवरणार, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सायरबाई आल्या होत्या. हातात रुमालात बांधलेलं ते घड्याळ. दुकानातून दलिचंद सेठ मागोमाग धावत आले होते, पण ओट्याशी येऊन थांबले. सायरबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, "लिहा. सायरबाई दलिचंद." मग न थांबता शेवटपर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सेठ पुढं आले आणि म्हणाले, "पैसे मी भरले होते. माझीपण सही घ्या."

अक्कांचा जबाब शेवटी झाला. लिहून झाल्यावर इन्स्पेक्टरांनी रीतीप्रमाणं तो वाचून दाखवला. "मी, झुंबरबाई, धंदा घरकाम..."

"खोडा ते," अक्का म्हणाल्या. "धंदा गिरणी."

त्यांनी खोडलं. पुढं वाचलं. "मी अडाणी असल्याने सदर पत्रावर विश्वास ठेवला..."

"हेबी खोडा."

"अक्का, त्यानं तुमचीच बाजू बळकट होते. अडाणी माणसाला फसवलं असं दिसतं."

अक्का उठून उभ्या राहिल्या. अधिकाऱ्याशी बोलायचं म्हणून एक एक शब्द जपून, शुद्ध मराठीत बोलल्या. "साहेब, ह्यात सेठ आहेत, त्यांना चार भाषांत हिशेब येतो. तेसुद्धा फसले. मी अडाणी म्हणून फसले नाही. तो चोर होता म्हणून फसले. तसं लिहा, नाहीतर मी सही करत नाही."

ओट्यावर कुणी हसलं नाही. इन्स्पेक्टरांनी ती ओळ खोडून नवी लिहिली. मग अक्कांनी सही केली, ठसठशीत, कागदाच्या पार कडेपर्यंत.

भिकुबाईचं पार्सल सगळ्यांत अलीकडचं, त्यामुळं तिचे पैसे वाटेत अडवले गेले, ते तिला परत मिळाले. सायरबाईंचे आणि अभिमनचे गेले ते गेले. अक्कांचीही मनीऑर्डर हुकूम येण्याआधीच तिकडं पोचली होती. दिल्लीच्या त्या पत्त्यावर चौकशी झाली तेव्हा तिथं नुसती भाड्यानं घेतलेली टपालपेटी निघाली, माणूस नाही. मी म्हटलं, "अक्का, एवढं करून तुम्हाला काहीच मिळालं नाही." त्या माझ्यावर उखडल्या. "भिकुले मियनं ना!"

तेव्हापासून गावात असलं पत्र कुणाला आलं, की ते आधी गिरणीवर यायचं. दळण पडेपर्यंत मी वाचायचं आणि अक्कांनी विचारायचं. सोडतीचं तिकीट तू काढलं होतं का? नाही? मग न काढलेल्या तिकिटाला बक्षीस कसं लागेल? देणारा आहे, तर तुझ्याकडंच पैसे का मागतो? गल्ली, घर, दुकान असा धड पत्ता आहे, की नुसता पेटीचा नंबर? आणि कुणाला सांगू नको म्हणतो का? ह्या शेवटच्या प्रश्नावर त्या फार जोर द्यायच्या. सांगू नको म्हणाला म्हणजे आधी गावात दवंडी पिटायची, असं त्यांचं म्हणणं. कौतिकही आता व्ही.पी. हातात देण्याआधी विचारायचा, "मागवलंय ना नक्की?" नाही म्हटलं की शेरा मारून पार्सल तसंच उलट पाठवायचा.

दिवाळीच्या सुमाराला पुन्हा गुलाबी कागद आला. कंपनीचं नाव नवं, शहर नवं, लक्ष्मी तीच. ह्या वेळी शिलाई मशीन. सायरबाईंना आलं होतं आणि त्या ते स्वतः घेऊन आल्या, ओढणी मागं सारलेली. दोघी ओट्यावर बसून काहीतरी कुजबुजल्या आणि खो-खो हसल्या. मग अक्कांनी मला पाकीट आणायला सांगितलं. पत्ता त्या कंपनीचा लिहवून घेतला, मागं आमचा. आत कोरा कागद घातला. मी तिकीट शोधायला लागले तर म्हणाल्या, "तिकीट नही लावानं. नॉटपेड जाऊ दे. सोडावाले दुप्पट पैसा भरी तो."

"आणि घेतलंच नाही तर? परत येईल, भुर्दंड आपल्यालाच."

"भरसू."

पाकीट गेलं. कौतिक आला की अक्का रोज विचारायच्या, आणि तो रोज मान हलवायचा. ते परत आलंच नाही. कुणीतरी पैसे मोजून ते सोडवलं असणार, उघडून आत कोरा कागद पाहिला असणार, असं अक्का येईल त्या बाईला सांगायच्या आणि पुढचा डबा उचलून दळायला टाकायच्या.